अंड्याच्या आकाराचा माठ, साडेनऊ हजार फक्त: शाउबर्गर आणि आमची नळपाणी योजना

सड्यावरचा

परवा 'निसर्गवाट' यांनी या मंचावर व्हिक्टर शाउबर्गरवर लांबलचक लिहिलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सार: ऑस्ट्रियाचा हा वनरक्षक म्हणजे पाण्याचा ऋषी. पाणी सरळ पाइपातून नेलं की मरतं, वळणं घेत गेलं की जिवंत होतं, आणि विज्ञानाने हे दडपून ठेवलं. एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण खाली आवाहन आहे, की प्रत्येक वाडीने वर्गणी काढून टाकीच्या तोंडाशी 'भोवरा नळी' बसवावी आणि घरटी एक तांब्याचा अंडाकृती माठ घ्यावा. माठ साडेनऊ हजार. आमच्या वाडीत रविवारी यावर बैठक झाली, आणि चार जण हो म्हणाले. त्या चारांत माझा चुलतभाऊ.

तर शाउबर्गर खुळा नव्हता, हे आधीच सांगतो. जन्म १८८५, पिढीजात जंगलखात्याचं घराणं. १९२० च्या दशकात नॉयबर्गच्या जंगलातून लाकूड खाली आणायला त्याने पाण्याची पन्हळ बांधली. ओंडके असे की पाण्यात बुडावेत. तज्ज्ञ हसले. याने पन्हळ सरळ न नेता डोंगराच्या वळणावळणाने नेली, तिचा तळ अंड्याच्या टोकासारखा निमुळता ठेवला, आणि वाटेत जागोजागी तापलेलं पाणी सोडून थंड पाणी आत घेतलं. चाचणीच्या आधी ओंडका मध्येच अडकला. त्याच वेळी पाण्यातून एक साप सळसळत गेला. तो कसा वळतो ते बघून याने वळणांवर आतून लाकडी पट्ट्या ठोकल्या, आणि ओंडके सुटले. सापाची गोष्ट त्याचीच, खरी-खोटी तो जाणे. पण पन्हळ चालली, आणि सरकारने त्याला बोलावून आणखी बांधून घेतल्या.

मी ३० वर्षं ठाण्याला लेथवर काढली. असा माणूस आमच्या शॉपमध्ये असता तर मी त्याचा डबासुद्धा धुतला असता.

पण पुढे काय झालं? याच्या मते ट्राउट मासा धबधब्यात स्थिर उभा राहतो तो पाण्यातल्या कुठल्याशा उलट्या शक्तीमुळे. स्फोटावर चालणारी इंजिनं म्हणजे विनाश, खरी शक्ती 'अंतःस्फोटा'त. पाणी कच्चं असतं, पिकलेलं असतं. मग आपोआप उडणारी तबकडी. नाझींनी त्याला माउथहाउसेनच्या छळछावणीतले कैदी देऊन यंत्रं करायला लावली, हे 'निसर्गवाट' यांच्या लेखात एका ओळीतही नाही. १९५८ मध्ये अमेरिकन लोक त्याला टेक्सासला घेऊन गेले. तिथून परतल्यावर पाच दिवसांत, २५ सप्टेंबरला, लिंट्झला तो वारला. त्याचं एकही यंत्र घातलेल्या शक्तीपेक्षा जास्त शक्ती देताना कुणी मोजलेलं नाही.

लेथवर एक सवय लागते. डोळ्याला जॉब बरोबर दिसला तरी मायक्रोमीटर लावायचा. पन्हळीपर्यंत याचा मायक्रोमीटर चालू होता, कारण ओंडका एकतर पोचतो नाहीतर अडकतो. पुढे अडकणारं काही उरलंच नाही.

निसर्गवाट

वा. चुलतभावाचा राग शाउबर्गरवर काढलात. माठ मी विकत नाही, फक्त ओळखीतून मागवून देतो, हे आधी स्पष्ट करतो.

आता मुद्दा. १९५२ साली स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक प्योपेल यांनी शाउबर्गरच्या पिळदार नळ्या तपासल्या. तांब्याच्या पिळदार नळीत घर्षण कमी झालं, काही वेगांना तर शून्याच्याही खाली गेलं. हा तुमचा मायक्रोमीटर. का नाही लिहिलंत?

आणि जंगल तोडलं की झरे आटतात, नद्या सरळ केल्या की मरतात, हे तो १९३० च्या दशकात ओरडून सांगत होता. तेव्हाही तुमच्यासारखेच हसत होते. आज जांभ्या खडकाच्या सड्यांवर चिरेखाणी पडल्यात, पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वर आणि एप्रिलमध्ये टँकर. कोण खुळा मग?

खडू_फळा

स्टुटगार्टचं मी बोलतो, हे माझ्या विषयातलं आहे. घर्षण खरंच उणे असेल तर पाणी नळीतून स्वतःहून पुढे ढकललं जायला हवं. मग १९५२ पासून आजपर्यंत एका तरी गावाचा पंप बंद व्हायला हवा होता. झालाय? एका प्रयोगातल्या आकड्याला इतका भाव द्यायचा नसतो. मी दहावीच्या पोरांनासुद्धा तीनदा वाचन घ्यायला लावतो.

दुसरं, शाउबर्गर ज्याचे गोडवे गायचा ते ४ अंश तापमान. पाण्याची घनता ४ अंशाला सर्वांत जास्त असते हे खरं, शाउबर्गर त्याच्यावर फिदा होता. आल्प्समधल्या झऱ्यात ते शोभतं. आपल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात पोहरा वर काढून थर्मामीटर घातला तर २७-२८ दाखवतं. तांब्याचा माठ अंड्याच्या आकाराचा केला काय, नारळाच्या आकाराचा केला काय, ते ४ वर येणार नाही. मातीचा घ्या. मातीच्या माठातून पाणी झिरपतं, उडतं, म्हणून गार होतं. तांब्यातून झिरपत नाही. साडेनऊ हजारात कोमट पाणी.

वाशिष्ठीकाठ

माठाचं मला देणंघेणं नाही. पण 'सड्यावरचा' यांनी इंजिनिअरिंगची बाजू घ्यावी याची गंमत वाटते. कोयनेचं पाणी वीज करून पोफळीला खाली सोडतात. ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), कृष्णा पाणीवाटप लवादाने मंजूर केलेलं. ते वाशिष्ठीतून सरळ दाभोळच्या खाडीत. आमच्या दारावरून जातं आणि आमच्या वरच्या वाड्यांना एप्रिलात पाणी नाही. हे मोजूनमापूनच केलंय ना?

आणि २२ जुलै २०२१, चिपळूणचा पूर. माझं दुकान. पहाटे शटरच्या फटीतून पाणी आत येत होतं, तेव्हा मी काउंटरवर कापडाचे तागे चढवत होतो. मग काउंटरच तरंगला. नंतर मी माळ्यावर १४ तास. खाली उतरलो तेव्हा गाळ गुडघ्यापर्यंत, आणि भिंतीवरचं कॅलेंडर मात्र कोरडं. कुणी सोडलं, किती सोडलं, यावर मी इथे बोलत नाही. पण नदीला जागा द्या, वळणं द्या, असं कुणी म्हणत असेल तर तो ऋषी असो नाहीतर भोंदू, मी ऐकणार.

सड्यावरचा

दुकानाचं वाचून वाईट वाटलं. नदीला जागा द्या, मान्य. पण त्यासाठी पाण्याला आत्मा असावा लागत नाही. गाळ काढा, पूररेषेत बांधू नका, एवढं पुरतं.

देवगडी

माका एक सांगा. तुमी सगळे शिकलेले. आमच्या आजयान ५० वर्सामागे हातार नारळ आडवो ठेवल्यान, परड्यात फिरलो, आणि एका जाग्यार नारळ उभो रवलो. थंयच विहीर खणली. २२ हातार पाणी. अजून आटूक नाय. ह्या कसला विज्ञान? की माझो आजो पण भोंदू?

कलमवाला

देवगडी, तुमचा आजोबा भाग्यवान. माझ्याकडे पाणाड्या आला, कडुलिंबाची फांदी घेऊन. एका जागी फांदी अशी वाकली की मलाच घाम फुटला. २५० फूट बोअर. धूळ. दुसरी जागा, धूळ. तिसऱ्या जागी चिखल लागला, दोन इंच म्हणाला, दुसऱ्या उन्हाळ्यात तेही गेलं. दीड लाख. पाणाड्याने दक्षिणा परत दिली नाही, वर म्हणाला घरात कुणाचा तरी शाप आहे. सासूबाई त्या दिवसापासून माझ्या बायकोशी बोलत नाहीत.

जाता जाता: शाउबर्गर म्हणे लोखंडी नांगर जमीन मारतो, तांब्याचा लावा. अहो, आमची जमीन नांगराने नाही, कल्टारने (मोहर आणायला बुंध्यात ओततात ते औषध) मरतेय. करारावर बागा घेणारे हापूसच्या बुंध्यात दरवर्षी ओततात, तीन वर्षांनी झाड पांगळं. त्यावर कुणी धागा काढा.

सड्यावरचा

कल्टारवर वेगळा धागा काढा, इथे नको.

कलमवाला

का नको? माठावर चालतं, कलमावर नाही?

खडू_फळा

देवगडी, तुमच्या आजोबांना कुणी भोंदू म्हणत नाही. विहीर २२ हातांवर लागली ना? जांभा वरून भोकं-भोकं असतो, पावसाचं पाणी आत उतरतं आणि खालच्या चिकणमातीवर अडतं. त्या सांध्यावर, उताराच्या पायथ्याशी, परड्यात, कुठेही खणा, बहुतेक ठिकाणी पाणी लागणारच. नारळ दुसऱ्या कोपऱ्यात उभा राहिला असता तरी लागलं असतं. आणि आजोबा ५० वर्षं ती जमीन पायाखाली घालून होते. कुठलं गवत उशिरा वाळतं, मुंग्यांचं वारूळ कुठे, हे त्यांना ठाऊक. हात हलतो तो त्यातून, हे त्यांचं त्यांनाही कळत नसेल. बोअर मात्र ती चिकणमाती फोडून खालच्या काळ्या कातळात जाते. तिथे भेगेत गाठ पडली तर पाणी, नाहीतर कलमवाल्यांचे दीड लाख.

म्युनिकजवळ १९८७-८८ ला एका गोठ्यात याची चाचणी झाली होती. खाली पाण्याचा पाइप सरकवायचा, वर पाणाड्याने जागा सांगायची. ५०० जणांतून निवडलेले ४३ जण, ८४३ प्रयत्न. करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की काही जणांना जमतं. नंतर तेच आकडे एन्राइट नावाच्या शास्त्रज्ञाने पुन्हा तपासले, तर डोळे मिटून बोट ठेवल्यापेक्षा फारसं वेगळं काही नव्हतं.

देवगडी

गोठ्यात पाइप आणि माझ्या परड्यातलो झरो एक? तुमी शाळेत शिकवा, आमका शिकवू नका. आणि बोअरीचा काढलात म्हणान सांगतंय. आमच्या बाजूक एक मुंबयवालो इलो, होमस्टे बांधल्यान, पोहूचो तलाव केल्यान, ४०० फूट बोअर मारल्यान. दोन वर्सात आमच्या आजयाची विहीर हातभर खाली गेली. त्याका कोणी विज्ञान शिकवूक नाय.

चाकरमानी_परत

झालं, आलं का चाकरमान्यांवर? आम्ही पैसे आणतो तेव्हा गोड वाटतं. मीही बोअर मारली, रीतसर परवानगीने. विहिरीला पाणी कमी होतं याला चिरेखाणी जबाबदार नाहीत? वरचा कातळच कापून नेला तर झिरपणार कुठून? ती जमीन कुणी विकली? गावातल्याच लोकांनी.

देवगडी

कोणी विकली ता नाव घेऊन सांग मेल्या. हयसर नको, चावडीर ये.

वाशिष्ठीकाठ

आवरा.

निसर्गवाट

बघा, भांडण शेवटी कशावर आलं? झिरपण्यावर. शाउबर्गर तेच सांगत होता. आणि राजापूरची गंगा? उन्हाळे गावच्या टेकडीवर १४ कुंडं, एरवी कोरडी, एक दिवस अचानक भरतात, दोन-तीन महिने वाहतात, पुन्हा गुप्त. कुंडाकुंडाचं पाणी वेगळं लागतं. हे तुमच्या लेथवर करून दाखवा.

सड्यावरचा

लेथवर नाही, बादलीत करून दाखवतो. जमिनीखाली पोकळी हळूहळू भरत असेल आणि बाहेरची वाट वाकड्या नळीसारखी असेल, तर पाणी त्या वळणाच्या वर जाईपर्यंत काहीच येत नाही, आणि एकदा गेलं की पोकळी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. वक्रनलिका. गंगेच्या येण्याजाण्याचं हेच कारण जाणकार बरेचदा देतात. मी लहानपणी आईबरोबर तिथे आंघोळ केलीय, पाणी डोक्यावर पडलं तेव्हा ती रडत होती. ते मला वक्रनलिकेने समजत नाही, आणि समजावंसंही वाटत नाही. पण आईने कुणाला साडेनऊ हजार दिले नव्हते.

निसर्गवाट

पुन्हा माठ. बरं, माझ्याकडे नमुन्याचा एक आहे. घेऊन येतो. एकच विहीर, अर्धं पाणी रात्रभर माझ्या माठात, अर्धं तुमच्या साध्या कळशीत. कोणतं कुठलं ते न सांगता प्यायला द्या. फरक कळला नाही तर वर्गणीचा विषय मी काढणार नाही.

खडू_फळा

कळशीही तांब्याचीच घ्या. नाहीतर धातूची चव लागेल आणि म्हणाल अंड्याने केलं. ग्लासवर चिठ्ठ्या मी चिकटवतो. देणाऱ्यालाही माहीत नको.

सड्यावरचा

(आठ दिवसांनी.) काल मारुतीच्या देवळात झालं. १६ जण प्यायले. नऊ जणांनी माठ बरोबर ओळखला, सात चुकले. चुकलेल्यांत स्वतः निसर्गवाट. माझ्या चुलतभावाने बरोबर ओळखला आणि त्याबद्दल त्याने सगळ्यांना आइस्क्रीम द्यायला लावलं, मला.

निसर्गवाट

नऊ म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त. सर्दी होती मला. पण शब्द दिलाय, वर्गणी मागणार नाही. तुम्हीही एक लिहा आता: चिरेखाणीखालच्या पऱ्यावर (ओढ्यावर) मी गेली चार वर्षं पोती रचून बंधारा घालतो, एकदा तरी आलात?

सड्यावरचा

नाही आलो. बंधारा चांगला आहे. खालची विहीर मार्चपर्यंत जाते, हे मी मोजलंय, दोरीने. यंदा पाऊस ओसरला की येतो. बंधारा वळणावर घालणार की सरळ, ते तुम्ही ठरवा, ऋषींना विचारून.

कलमवाला

पोती लागतील ना? कल्टारवाल्यांची रिकामी खतपोती माझ्याकडे ढिगाने आहेत.

देवगडी

सगळा बरा झाला. पण देवळातलो माठ तुमी तसोच ठेवून गेलास, त्याच्यात पाणी नाय आणि आत पाल पडली हा. कोण काढता?