मदत हवी आहे: रोड बाईकची फ्रेम ४९ घेऊ की ५२? उंची १६२, पण पाय आखूड

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं रविवारी पहाटे मी मुलुंडहून सायकलने नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंत जाते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, सायन, दादर, लालबाग, भायखळा आणि मग मरीन ड्राइव्ह. जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर होतात. आठवड्यातला हा माझा सगळ्यात लाडका वेळ आहे, म्हणून प्रश्न जरा सविस्तर विचारते.

सध्याची सायकल हायब्रिड आहे आणि ती मला मोठी आहे. घेताना दुकानात बसून पाहिली, पाय टेकले, पैसे दिले. 'सवय होईल' असं सांगितलं होतं, ती झाली नाही. सायन ओलांडलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागतं, परतीच्या वाटेवर मानेत कळ येते. फिजिओथेरपिस्टचं म्हणणं, हँडल लांब असल्याने अंगाचा भार हातांवर येतो आणि तळहाताच्या कडेची नस दाबली जाते. जानेवारीत जुन्या हायवेने खोपोली आणि पुढे घाट चढून लोणावळा करायचं आहे. त्यासाठी रोड बाईक घेतेय आणि या वेळी माप चुकवायचं नाही.

समोर दोन सायकली आहेत, एकाच कंपनीच्या आणि एकाच मॉडेलच्या. पवईत एकांकडे ५२ ची सेकंडहँड, ४८ हजारांना. दुकानात ४९ ची नवी, ७२ हजारांना. कंपनीच्या तक्त्यात १६२ सेंटिमीटर उंची दोन्ही साईझमध्ये बसते, त्यामुळे तक्त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग घरीच माप घेतलं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहिले, मुलाचा ॲटलास दोन पायांच्या मधे सीटसारखा घट्ट वर दाबून धरला आणि आईने ॲटलासच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत टेप लावला. ७३ सेंटिमीटर. आई तीस वर्षं शिवणकाम करतेय. तिने टेप सोडून पुन्हा लावला, पुन्हा ७३. म्हणाली, "तुझी उंची पायांत नाहीच, धडात आहे. तू आणि मावशी उंचीला सारख्या, पण तिची सलवार तुझ्याहून दीड इंच लांब कापावी लागते आणि कुर्ता तुझा लांब." सायकलच्या तक्त्यात ही गोष्ट कुठेच विचारत नाहीत.

फ्रेमच्या ढोबळ सूत्राप्रमाणे ७३ ला ०.६५ ते ०.६७ ने गुणलं तर फ्रेम साडेसत्तेचाळीस ते एकोणपन्नास येते. सीटच्या उंचीसाठी ०.८८३ ने गुणलं तर दोन्ही पायडलचे दांडे जोडलेल्या मधल्या ॲक्सलपासून सीटच्या वरपर्यंत साडेचौसष्ट.

आता खरी अडचण. पवईला तलावाकडेच्या रस्त्यावर ५२ चालवून पाहिली. हात हूड्सवर (ब्रेकच्या रबरी मुठींवर) अगदी सहज पोचले, पाठ मोकळी, बोटांना त्रास नाही. पण सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभी राहिले की मधला दांडा अंगाला टेकतो. टेपने मोजलं तर दांडा जमिनीपासून ७५ आहे. बुटाचा तळवा धरूनही मधे जागा उरत नाही. प्रत्येक सिग्नलला सायकल एका बाजूला कलती करावी लागली, मागे बस उभी असताना ते भीतीदायक वाटतं. ४९ वर उभं राहायला छान जागा आहे, पण बसल्यावर आखडल्यासारखं होतं, गुडघे कोपरांच्या फार जवळ येतात. शिवाय हळू वळताना एकदा बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागलं.

आकडे (स्टॅक आणि रीच म्हणजे त्या मधल्या ॲक्सलपासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं उभं आणि आडवं अंतर, स्टेम म्हणजे हँडल धरणारा पुढचा तुकडा): ४९ चा स्टॅक ५१५, रीच ३७६, स्टेम ८०. ५२ चा स्टॅक ५३७, रीच ३८२, स्टेम ९०. सगळं मिलिमीटरमध्ये.

पायांचं ऐकू की धडाचं?

प्रतिसाद

माझीही उंची १६३ आहे, ५२ वापरतो, काही त्रास नाही. दांडा लागत असेल तर उतरताना कलती करायची. २४ हजार वाचतायत, घेऊन टाका.

प्रतिसाद

ताई, वरच्या प्रतिसादातले दादा चालवतात ते त्यांच्या पायांच्या मापाने. तुमचा दांडा टेकतोय, तिथेच ५२ बाद. मुंबईत तासाभरात वीसेक वेळा पाय टाकावा लागतो, एकदा घाईत पुढे उतरलात तर इजा होईल.

आता धडाकडे बघू. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. दोन्ही फ्रेमच्या रीचमध्ये फरक फक्त ६ मिलिमीटरचा. तुम्हाला ४९ वर आखडल्यासारखं झालं ते फ्रेममुळे कमी आणि ८० च्या स्टेममुळे जास्त. ५२ वर ३८२ अधिक ९०, म्हणजे ४७२. ४९ ला १०० चा स्टेम लावा, ३७६ अधिक १००, ४७६. जवळपास तेच अंतर, तुमच्या हातांना आवडलेलं. लांब धडाच्या माणसाने लहान फ्रेम आणि लांब स्टेम घ्यावा. उलट करायला गेलं तर मोठ्या फ्रेमचा दांडा कापून खाली आणता येत नाही.

फ्रेमवरच्या ४९, ५२ या आकड्यांवर फार जाऊ नका. जुन्या फ्रेमचा दांडा जमिनीला समांतर असायचा, ०.६५ चा गुणाकार त्या काळचा. १९९० च्या दशकात जायंटने टीसीआरमध्ये उतरता दांडा आणला, नंतर बहुतेक कंपन्या तसंच करू लागल्या, आणि ४९, ५२ ही सीटखालच्या नळीची (सीट ट्यूबची) लांबी नुसती नावापुरती उरली. स्टॅक आणि रीच हेच बघायचं.

४९ वर हँडल २२ मिलिमीटर खाली येईल. मानेचा त्रास आहे म्हणून सुरुवातीला सगळे स्पेसर (हँडल उंच करणाऱ्या चकत्या) स्टेमच्या खालीच ठेवा आणि दुकानदाराला स्टेममधून वर येणारी काट्याची नळी कापू देऊ नका. हेड ट्यूब, म्हणजे हँडलखालची फ्रेमची नळी, मागे झुकलेली असते, त्यामुळे दर १० मिलिमीटर स्पेसरमागे हँडल साधारण ३ मिलिमीटर मागेही येतं, तेवढं धरा. सीट पुढे-मागे सरकवून हाताचं अंतर जुळवू नका, सीटची जागा गुडघा आणि पायडल ठरवतात.

बूट चाकाला लागणं लहान फ्रेमला होतंच, कारण चाकं मोठ्या फ्रेमसारखीच, ७०० साईझची असतात. वेगात हँडल तेवढं वळत नाही, फक्त यू-टर्नला सांभाळा. क्रँक (पायडलचा दांडा) १७० मिलिमीटरचा असेल तर १६५ चा मिळतो का विचारा. तुमच्या पायांना तो बराही पडेल आणि अर्धा सेंटिमीटर जागाही मिळेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

खूप खूप आभार. रीचमधला फरक वजा करून बघायचं डोक्यातच आलं नव्हतं, मी दोन्ही आकडे शेजारी लिहून नुसती बघत बसले होते. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "बरोबर आहे, कंबर बसली की बाही वाढवता येते." पवईच्या काकांना आज 'सायकल नको' असं कळवलं.

शनिवारी सकाळी दुकानात जातेय. १०० चा स्टेम लावून दहा मिनिटं चालवून बघायचीय. दुकानवाले ट्रायलसाठी स्टेम बदलून देतात का, की आदल्या दिवशी फोन करून तयार ठेवायला सांगावं लागतं?