गोळ्या सोडून नाही, गोळ्यांसोबत

'दोन औषधं बदलून गुण नाही, मग गोळ्या बंद आणि ध्यान सुरू' हे नैराश्यावरच्या या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या १७३ रुग्णांवरच्या चाचणीत सगळ्यांची औषधं चालूच होती. आठ आठवड्यांनी माइंडफुलनेसच्या, म्हणजे या क्षणी जे घडतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाच्या, गटात लक्षणं सरासरी ३७ टक्के उतरली, व्यायाम-आहाराच्या गटात २५. फरक आहे, चमत्कार नाही.

आणि नुसतं डोळे मिटून बसणंही नसतं. नाशिकला गंगापूर रोडच्या अशाच वर्गात माझ्या वहिनीच्या हातावर आधी एकच बेदाणा ठेवला: सुरकुत्या बघा, वास घ्या, सावकाश चावा. (पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराची लेक ती, तिला हसूच फुटलं.) तिच्या डॉक्टरांनी मात्र त्याआधी थायरॉइड तपासून घेतलं होतं, कारण ते बिघडलं तरी अशीच लक्षणं दिसू शकतात. इथे त्याबद्दल कुणी बोललंच नाही.