वडिलांना डायलिसिसला बसलं की हुडहुडी भरते, मानेतल्या नळीमुळे असेल का?

सोलापूरची_लेक: वडील बासष्ट वर्षांचे, मानेतल्या नळीवर आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. गेल्या दोन्ही खेपेला मशीन लागल्यावर तासाभरात अशी हुडहुडी भरली की दोन चादरी टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात, आणि बाहेर आपल्या सोलापूरचं ऊन. तिथं तापाची गोळी आणि एक इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, रात्री नीट जेवले पण. नळीच्या तोंडाशी लाली नाही, पू नाही, मग इन्फेक्शन कसं? शेजारचे म्हणतात मशीनचं पाणी खराब असेल. वडील फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडायचं ऑपरेशन) नकोच म्हणतात, जन्मभर यंत्रमागावर काम केलंय, हात कापला की हात गेला हेच डोक्यात बसलंय.

डायलिसिस_टेक्निशियन: पाणी खराब असतं तर त्याच पाळीतल्या बाकीच्यांनाही थंडी वाजली असती, तेवढं सिस्टरना विचारा. एकट्या त्यांनाच वाजत असेल तर आधी नळीवरच संशय घ्यायचा. बाहेरून जागा स्वच्छ दिसते पण जंतू नळीच्या आत चिकट थर धरून बसतात, मशीननं रक्त खेचलं-सोडलं की तेच अंगात जातात. गोळीनं ताप उतरतो, जंतू तिथंच. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी, केलंय का? ते अँटिबायोटिकच्या आधी घ्यावं लागतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघाला तर नळी बहुतेक काढावीच लागते, तो हृदयाच्या झडपांवर नाहीतर मणक्यात जाऊन बसतो. पुढच्या पाळीची वाट बघू नका ताई, आत्ताच किडनीच्या डॉक्टरांना फोन लावा. बीपी पडलं, धाप लागली, असंबद्ध बोलायला लागले तर सरळ कॅज्युअल्टी.

बार्शीकर: मी पण आधी नळीवर होतो, आता फिस्टुला आहे. नळीची टोपणं उघडताना सिस्टर आणि पेशंट दोघांच्या तोंडाला मास्क पाहिजेच, आणि टोपण काढल्यावर नळीचं तोंड नीट घासून पुसलं का ते बघत जा, घाईत तिथंच राहतं. घामानं पट्टी सुटली तर घरी परत चिकटवत बसू नका, सेंटरवर जाऊन बदलून घ्या. डोक्यावरून आंघोळ बंद. वडिलांना सांगा, जागा बधिर करून छोटं ऑपरेशन असतं, हात जात नाही. फिस्टुल्यावर हात लावला की चालू मागासारखी बारीक थरथर लागते बघा. पण शीर तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात, म्हणून आत्ताच विषय काढा. नळीपेक्षा फिस्टुल्यात इन्फेक्शन खूपच कमी.

सोलापूरची_लेक: डॉक्टरांशी बोलले, लगेच घेऊन या म्हणाले, ॲडमिट करतील. पण ते इंजेक्शन अँटिबायोटिकच होतं म्हणे, आता कल्चरचा उपयोग होईल का?

डायलिसिस_टेक्निशियन: तरी घेतातच, फक्त कुठलं औषध कधी दिलं ते कागद दाखवा. आणि वडील उजव्या हातानं काम करत असतील तर डाव्या हाताला सुई लावू देऊ नका, ॲडमिट झालं की सलाईनला पहिला तोच हात धरतात. पंजाच्या मागची शीर घ्या म्हणावं, दंड-मनगटाच्या शिरा फिस्टुल्यासाठी राखून ठेवायच्यात.