हेक्सप्रूफ क्रीचरवर क्लोन चालतो का? आणि ट्विनकास्टच्या कॉपीचं टार्गेट कोण ठरवतं?

सराफ्याचा_गराडू:
मंडळी, मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणारे कोणी असाल तर जरा सांगा. आम्ही चौघं दर रविवारी लोकमान्य नगरात आमच्या गच्चीवर खेळतो, काल पोहे-जिलबी झाल्यावर बसलेला डाव भांडणात मोडला. समोरच्याकडे स्लिपरी बोगल हा क्रीचर, म्हणजे 1/1 (पॉवर 1, टफनेस 1) आणि हेक्सप्रूफ (प्रतिस्पर्ध्याला टार्गेट करता येत नाही असा), वर दोन ऑरा (क्रीचरला जोडायची कार्डं) चढवलेल्या. त्याने माझ्या 3/3 क्रीचरवर लाइटनिंग बोल्ट (3 डॅमेज देणारा मंत्र) टाकला, मी लगेच दोन निळे माना (कार्ड खेळायची किंमत) देऊन ट्विनकास्ट (दुसऱ्या मंत्राची कॉपी करणारा मंत्र) केला आणि म्हटलं कॉपी तुझ्या अंगावर, तर म्हणे कॉपी म्हणजे झेरॉक्स, ओरिजिनल जिकडे तिकडेच जाणार. नंतर मी बोगल बघून क्लोन (दुसऱ्या क्रीचरची कॉपी बनून उतरणारा क्रीचर) टाकला तर म्हणे हेक्सप्रूफ आहे, तुला हातच लावता येत नाही. दोन्ही वेळा मी ऐकून घेतलं आणि हरलो. कोण बरोबर होतं?

रामबागवाला:
दोन्ही वेळा तुम्हीच बरोबर होतात भाऊ. झेरॉक्सवाली गोष्ट अर्धी खरी आहे, कॉपी बनते तेव्हा ओरिजिनलमध्ये जे जे ठरलेलं असतं ते सगळं तसंच येतं, टार्गेट, एक्सची किंमत (कार्डावर X असेल तर निवडलेला आकडा), मोड (कार्डावरच्या पर्यायांतला निवडलेला), आणि फ्लिंगसारख्या कार्डात बळी दिलेल्या क्रीचरची पॉवरसुद्धा, पुन्हा बळी द्यावा लागत नाही. पण ट्विनकास्टवर पुढे स्पष्ट लिहिलंय की कॉपीसाठी हवं तर नवीन टार्गेट निवडा. कॉपी तुमच्या कंट्रोलमध्ये म्हणजे निवड तुमची, 3 डॅमेज सरळ त्याला. फक्त बोगलला देता आलं नसतं, कारण त्याच्या हेक्सप्रूफच्या नजरेत प्रतिस्पर्धी तुम्ही आहात. आणि तुमचा 3/3 यात वाचत नाही हं, ओरिजिनल बोल्ट स्टॅकवर (टाकलेल्या मंत्रांची चळत, वरचा आधी लागू होतो) खाली तसाच पडलेला असतो, कॉपी आधी रिझॉल्व होते, म्हणजे लागू होते, मग तो. उलट कोणी त्या ओरिजिनलवर काउंटरस्पेल (मंत्र रद्द करणारं कार्ड) टाकला तरी कॉपीला काही होत नाही.

आम्ही टेबलावर असं करतो: खाली बोल्ट, त्यावर ट्विनकास्ट, तो रिझॉल्व होऊन ग्रेव्हयार्डात (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) गेला की त्याच्या जागी कॉपी म्हणून लुडोची लाल सोंगटी, आणि हिरवी सोंगटी ज्याला टार्गेट केलंय त्याच्यापुढे. तेव्हापासून आमच्याकडे हा वाद झालेला नाही.

पत्तेवाली_ताई:
क्लोनचं मी सांगते. कार्ड हातात घेऊन वाच, त्यावर टार्गेट हा शब्दच नाहीये. क्लोन मैदानात उतरता उतरता तू क्रीचर निवडतोस, आणि हेक्सप्रूफ फक्त टार्गेट करण्याला अडवतं, निवडण्याला नाही. त्यामुळे एकदा तू बोगल निवडलास की त्याला मध्ये काही करायला जागा उरत नाही, जे करायचं ते क्लोन स्टॅकवर असतानाच, आणि तेव्हा तू कोणाची कॉपी करणार हे त्याला माहीत नसतं. पण तुला मिळणार नुसता 1/1 हेक्सप्रूफ. ऑरा आणि काउंटर (क्रीचरवर ठेवलेल्या खुणा) कॉपीत येत नाहीत, जायंट ग्रोथसारख्या मंत्राने वाढवलेली पॉवरही नाही, फक्त कार्डावर छापलेलं येतं. ऑरांसाठीच क्लोन टाकला असशील तर वाया गेला असता.

सराफ्याचा_गराडू:
ताई, धन्यवाद. अजून एक, माझ्याकडे यंग पायरोमॅन्सर (बोल्टसारखा मंत्र कास्ट केला, म्हणजे खेळला, की टोकन म्हणजे छोटा क्रीचर देणारा) पण होता. बोल्टच्या कॉपीचं वेगळं टोकन मिळालं असतं का?

रामबागवाला:
नाही, एकच, ट्विनकास्ट कास्ट केल्याचं. ही कॉपी थेट स्टॅकवर तयार होते, ती कास्ट झालेली नसते. 2021 च्या स्ट्रिक्सहेवन या कार्डसंचातला मेजक्राफ्ट हा गुण मात्र कास्ट किंवा कॉपी दोन्हींवर चालतो, त्याच गुणाने कार्ड ओढू देणारा आर्चमेज एमेरिटस असता तर तुम्ही दोन कार्ड ओढली असती. वॉर्डचंही (प्रतिस्पर्ध्याने टार्गेट केलं तर किंमत मागणारा गुण) लक्षात घ्या, तो कास्ट बघतच नाही, टार्गेट झालो एवढंच बघतो, म्हणून समोरच्याच्या वॉर्डवाल्या क्रीचरवर कॉपी वळवली तर किंमत भरावीच लागेल, नाही भरली की कॉपी गेली.

सराफ्याचा_गराडू:
मोडलेल्या डावाचा फोटो आहे माझ्याकडे. रविवारी तिथूनच परत लावतो, त्याचे 3 लाइफ कमी करून.