मदत हवी आहे: तुर्भ्यातली युनोस रोडस्टर घ्यावी का? कागदांचा घोळ आहे

मंडळी, ठाण्यात वसंत विहारला राहतो. उघड्या टपाची टू-सीटर घ्यायचं खूळ कॉलेजपासून डोक्यात आहे. आता तशी एक चौदा लाखांत मिळतेय, म्हणून हा धागा.

तुर्भे एमआयडीसीत एका गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली माझदाची युनोस रोडस्टर उभी आहे. बाहेर जिला एमएक्स-५ म्हणतात तीच, १९८९ साली आलेली पहिली पिढी. जपानात ती युनोस नावाने विकली जायची. १.६ लिटरचं इंजिन, रिअर व्हील ड्राइव्ह, उजवीकडे स्टीअरिंग, बॉनेटमधून वर येणारे दिवे, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. माझदाने ती भारतात कधी विकलीच नाही.

गाडी पहिल्या स्टार्टला चालू झाली. डावा दिवा अर्ध्यात अडला, गॅरेजच्या पोराने हाताने उचलला तेव्हा वर आला. इंजिनचा आवाज मात्र एकदम स्वच्छ. गाडं अडलं ते कागदांवर.

आरसी उत्तरेकडच्या एका राज्याची. उत्पादन वर्ष २००६, कंपनीच्या रकान्यात 'अदर्स', चेसिस नंबर सतरा अक्षरी. बॉनेट उघडून इंजिनमागच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर बघितला तर तिथे एनए६सीई आणि पुढे सहा आकडे. चिंधीने पुसून, टॉर्च मारून परत वाचला. तोच. विकणारा म्हणतो, "शेठ, इम्पोर्टेडचं असंच असतं. जपानी नंबर आपल्या कॉम्प्युटरमध्ये बसत नाही." बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) विचारलं तर म्हणे ते पहिल्या मालकाकडे राहिलं, एम्बसीची गाडी होती. एमएच ०४ चं पासिंग त्याचा एजंट करून देणार, त्याचे दोन लाख वेगळे.

माझी शंका अशी की नंबराची ही तफावत नंतर कायदेशीर मार्गाने दुरुस्त करून घेता येते का? दंड भरून, ड्युटी भरून, काहीही. आणि अशी गाडी घेतलीच तर उद्या अडकणार कोण, मी की ज्याने आणली तो? (बायकोचा प्रश्न वेगळा आहे: स्टिल्टखाली आपली जागा एकच, वॅगनआर कुठे लावणार. त्यावर सल्ले नकोत.)

उरणकर: भाऊ, मी न्हावा-शेवा बंदरात कस्टम्स क्लिअरिंगमध्ये आहे. कॉम्प्युटरमध्ये बसत नाही ही शुद्ध थाप. जपानच्या घरच्या बाजारातल्या गाड्यांवर सतरा अक्षरी नंबर नसतोच, फ्रेम नंबर असतो, तुम्ही वाचलात तसा. रीतसर आलेल्या गाडीच्या बिल ऑफ एन्ट्रीवर तोच असतो आणि आरसीवरही तोच चढतो. तुमच्या आरसीवरचा नंबर दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आहे. ती बहुधा कधीच भंगारात गेली, कागद तेवढा जिवंत ठेवलाय.

आता नियम बघा. वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली लागते, आणि ड्युटी किमतीच्या शंभर टक्क्यांच्या वर. दुसरी वाट पन्नास वर्षांपुढच्या विंटेज गाड्यांची. तुमची युनोस १९९० ची धरली तर तिथे २०४० ला पोचेल. एम्बसीची म्हणत असेल तर ती ड्युटी न भरता आलेली असते आणि बाहेर विकताना कस्टम्सची परवानगी लागते, ड्युटीचा हिशेब होतो. त्याचा कागद कुठेय? २०२१ मध्ये डीआरआयने (तस्करी पकडणारी केंद्राची यंत्रणा) मुत्सद्द्यांच्या नावावर महागड्या गाड्या आणणारी टोळी पकडली, तेव्हापासून 'एम्बसीची आहे' ऐकलं की मी आधी तो कागद मागतो.

कोण अडकणार? सीमाशुल्क कायद्यात जप्ती मालावर होते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात भूतानमार्गे आलेल्या गाड्या कस्टम्सने उचलल्या, त्या ज्यांच्या दारात होत्या तिथून. कोचीच्या एका पोर्शे कॅरेराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नंतरच्या खरेदीदाराला आयातदार मानलं नाही आणि ड्युटीची मागणी रद्द केली, हे खरं. पण त्याला तिथवर जावं लागलं. तुमच्या केसमध्ये तर नंबरच दुसऱ्याचा, म्हणजे पोलिसांचंही काम आलं. दंड भरून हे सरळ होत नाही.

पाना_पक्कड: यांत्रिक बाजू सांगतो, कागद बाजूला ठेवून. मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालचा सिल दाबून बघा. टपाचं पाणी उतरायची भोकं बुजली की तो आतून सडतो, वरून रंग चकाचक. सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकचं नाक (इंजिनच्या मुख्य दांड्याचं पुली बसते ते टोक) आखूड असतं, पुली तिथे सैल होते. पुलीला चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. टायमिंग बेल्ट तुटला तरी या १.६ चे व्हॉल्व्ह वाकत नाहीत, तेवढं सुख.

एमएच४३: पाना, सिल कसला दाबायला सांगतोस त्याला! दोन लाख कशाचे आहेत ते बघा की. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या इम्पोर्टेड चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ८०,००० झाली आहे, म्हणजे खोट्या २००६ च्या हिशेबानेही खर्च दारात उभा. वर ट्रान्सफरला चेसिसची पेन्सिल छाप लागते, पत्र्यावर कागद धरून घासलेली. ती एनए६सीई ची निघून कशी चालेल? म्हणजे ग्राइंडर फिरणार आणि सतरा अक्षरं नव्याने ठोकली जाणार. त्या दिवशी गाडी तुमच्या नावावर असेल. इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी हीच छाप मागतो, हेही जाता जाता.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. उरणकर, तुम्ही म्हणालात ते विकणाऱ्यासमोर ठेवलं. म्हटलं, करारनाम्यावर दोन्ही नंबर लिहू, आरसीवरचा आणि पत्र्यावरचा, आणि खाली सही कर. "बघतो" म्हणून फोन ठेवला. रात्री मेसेज आला, बारा फायनल. करारनाम्याबद्दल अवाक्षर नाही. सोडली.

पाना, सिल मी खरंच दाबला होता. उजवीकडचा बोटाने आत गेला.

आता दुसरा प्रश्न, याच धाग्यात विचारतो. गोव्यात बनायची ती सॅन स्टॉर्म, फायबरच्या बॉडीची टू-सीटर, रेनॉचं बाराशेच्या आतलं इंजिन. इथेच बनलेली, त्यामुळे कस्टम्सचा संबंध नाही. महाराष्ट्र पासिंगची, आरसी आणि चेसिस जुळणारी, चालू स्थितीतली कोणाच्या बघण्यात आहे का? पार्ट कुठून आणता आणि विंडस्क्रीन फुटली तर काय करता, हे जो वापरतो त्याच्याकडून ऐकायचंय. वॅगनआरच्या शेजारी तिरकी लावली तर बसेल असं मोजून ठेवलंय.