मदत हवी आहे: नवीन घरात आल्यापासून चांदी पंधरा दिवसांत काळी पडतेय

नमस्कार मंडळी, दीड वर्षापूर्वी आम्ही वाईहून ठाण्याला राहायला आलो. सोबत देव्हाऱ्यातले पाच टाक, निरांजन, अत्तरदाणी आणि माझे पैंजण एवढीच चांदी. वाईला गौरीला आणि दिवाळीला उजळली की पुरायचं, इथे पंधरा दिवसांत आधी पिवळट होते, मग तपकिरी, आणि महिन्याभरात पार काळी. नणंद म्हणते चांदीत भेसळ असणार, पण तीच चांदी तिकडे इतकी वर्षं चांगली राहिली ना, मग इथे येऊन कशी खोटी होईल?

आतापर्यंत टूथपावडरने घासत होते. परवा बघितलं तर टाकावरच्या देवीचे नाक-डोळे पुसट झालेत. हे टाक सासूबाईंच्या सासूबाईंचे, फार जिवाला लागलंय, तेव्हापासून हातच लावला नाहीये. यूट्यूबवर फॉइल आणि खायच्या सोड्याचं दाखवतात ते टाकांना चालेल का? गौरी तोंडावर आल्यात.

आणि हो, बिल्डिंगच्या मागे नाला आहे, खूप वास येतो. त्याचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद १
ताई, मला तर नाल्याचाच संशय येतोय. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड, त्यात गंधक असतं आणि चांदीला बाधतं ते गंधकच. वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, पातळ असताना पिवळट दिसतो, जाड झाला की काळा. अगदी शुद्ध चांदीही काळी पडते त्यामुळे नणंदेला सांगा, नुसत्या काळेपणावरून भेसळ ठरत नाही. तुमच्या एसीचा गॅस सारखा जातो का? नाल्याशेजारी कॉइलचं तांबंही हाच वायू खातो.

मूळ धागाकर्ती
अहो हो! दीड वर्षात दोनदा कॉइल लीक झाली, मेकॅनिक पण नाल्याचंच म्हणत होता, मला वाटलं कारणं सांगतोय.

प्रतिसाद २
मी हुपरीचा, आमच्या घरात चांदीचंच काम. पावडरने घासलं की काळ्या थराबरोबर चांदीही जाते, म्हणून देवीचा चेहरा झिजला. फॉइलमध्ये तसं होत नाही, अल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी जागेवरच राहते. काचेच्या भांड्यात तळाला फॉइल घाला, लिटरभर कडक गरम पाणी, दोन मोठे चमचे सोडा, थोडं मीठ, आणि वस्तू फॉइलला टेकली पाहिजे हे महत्त्वाचं. चार-पाच मिनिटं पुरे. वास आला तर घाबरू नका, गंधकच बाहेर पडतंय, फक्त खिडकी उघडी ठेवा. निरांजन आणि साधे पैंजण असे करा.

पण टाक अजिबात घालू नका. जुन्या टाकांना मागून तांब्याचा पत्रा असतो आणि मधे लाख किंवा राळ भरलेली असू शकते, गरम पाण्यात ती मऊ झाली की टाक बिघडला. त्यांना रिठ्याचं कोमट पाणी आणि लहान मुलांचा मऊ ब्रश, हलक्या हाताने, मग लगेच कोरडे करा. अत्तरदाणीच्या नक्षीत मुद्दाम काळं ठेवलेलं असेल तर तीपण फॉइलमध्ये नको, खोलगट भागातली सावली निघून जाते आणि काम सपाट दिसतं.

प्रतिसाद १
ठेवताना रबरबँड आणि लोकरीचं कापड टाळा, दोन्हीत गंधक असतं. सुती कापडात गुंडाळून झिप पिशवीत, हवा काढून, आत खडूचा तुकडा टाका, ओल ओढून घेतो.

मूळ धागाकर्ती
पैंजणांना रबरबँडच लावून ठेवले होते, आत्ता काढले. निरांजन फॉइलमध्ये घातलं, सातव्या मिनिटाला काढलं तर लख्ख, कोपऱ्यात थोडं काळं उरलंय ते परत एकदा करते. रिठे उद्या आणते. दादा, देवीचा चेहरा परत उठवून मिळतो का कुठे?

प्रतिसाद २
मिळतो, पण मग तो नवीन हाताचा चेहरा होतो. मी तरी आहे तसाच ठेवला असता.