उत्तरार्ध रेंगाळतो?

'सैराट'चा (२०१६) उत्तरार्ध रेंगाळतो, हे काही पटलं नाही बुवा. परवा सोलापुरात घरी पुन्हा बघितला. हैदराबादेतली झोपडपट्टी, डोशाची गाडी, आर्चीचा कोंडमारा... हा संथपणा नसता, तर शेवटची ती शांतता एवढी अंगावर आली असती का?

आणि बोली! दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे दोघंही आमच्याच जिल्ह्यातले. उगाच ओढूनताणून गावठी बोलणं नाही. (आई तर म्हणे, ही आपल्या शेजारचीच पोरगी.)

पाठोपाठ मंजुळेंचाच आधीचा 'फँड्री' लावला. शेवटी त्यातल्या जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर आला आणि शेंगाचटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा हातातच राहिला. दोन्हींत मला 'फँड्री'च उजवा वाटतो. गाण्यांत मात्र 'सैराट'ला तोड नाही.